सप्रेम भेट

मुलांनो, तुमच्या वर्गातल्या पंख्याच्या पात्यांवर काही लिहिलेलं आहे का? मान वर करून पाहा बरं जरा.

आमच्या शाळेतल्या पंख्यांवर आहे. लाल ऑइलपेंटने लिहिलंय, 'कै. तीर्थरूप अमुक यांच्या स्मरणार्थ'. पाण्याच्या टाकीवर गावातून मुंबईला गेलेल्या मंडळींच्या मंडळाचं नाव आहे. भिंतीवरच्या घड्याळात काट्यांच्या मागे 'माजी विद्यार्थी' आहेत. खिचडीच्या मोठ्या पातेल्यावर तर लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं नाव घातलंय आणि पुढे 'सप्रेम भेट'! आपल्या शाळांचं असंच असतं. पगार आणि पुस्तकं सरकारची, बाकी निम्मा संसार लोकांनी दिलेला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरीतल्या एका मुलाने एकदा मला गंमत सांगितली. म्हणाला, "बाई, पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही. आणि नाव वाचता येतं तेव्हा पंखा बंद असतो!" मी हसले आणि फळा पुसायला वळले. पण पुढे एका पेटीच्या निमित्ताने त्या पोराचं बोलणं मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. त्या पेटीचीच हकिकत आज सांगते.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. होऊन पंधरा वर्षं झाली. आमची शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली की पोरं रस्ता ओलांडतात आणि समोरच्या अनुदानित हायस्कुलात आठवीला बसतात. रस्ता कसला, वीस पावलांचा! तरी जाताना रडतात. आणि गेली तरी मधल्या सुट्टीत आमच्याच नळावर पाणी प्यायला येतात.

२०२१-२२ साली सातवीत असलेली तुकडी जरा वेगळी होती. ही मुलं पाचवीत असताना मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. सहावी बरीचशी मोबाइलवर गेली, तीही ज्याच्या घरी मोबाइल त्याचीच. विज्ञान म्हणजे आमच्याकडून आलेले व्हिडिओ! दिवा पेटतो तो पडद्यावर, लिटमस लाल होतो तोही पडद्यावर. एकाने मला विचारलं होतं, "बाई, लिटमस ओला असतो का कोरडा?" प्रश्न हसण्यासारखा वाटतो ना? पण ज्याने तो कधी हातात धरला नाही त्याला कसं कळावं?

तर ही तुकडी २०२२ च्या जूनमध्ये आठवीला गेली आणि पुढच्याच महिन्यात हायस्कुलात पेटी आली.

ही पेटी कुणी दिली, का दिली, ते आधी समजून घ्या. आपल्या देशात २०१३ चा कंपनी कायदा आहे. त्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढायची आणि तिच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामासाठी खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. त्यात शिक्षण येतं, म्हणून कंपन्या शाळांना बाकं देतात, संगणक देतात, शौचालयं बांधून देतात आणि विज्ञानाच्या पेट्याही देतात. आमच्या समोरच्या हायस्कुलाला अशाच एका कंपनीने दिली. नाव सांगत नाही, कारण देणारे लोक भले होते आणि गोष्ट त्यांची नाहीच.

पेटी म्हणजे चांगलं काचेच्या दारांचं लोखंडी कपाटच होतं. दोन सूक्ष्मदर्शक, भिंगं, प्रिझम, चुंबकपट्ट्या, होकायंत्रं, परीक्षानळ्या, चंचुपात्रं, विजेचे मीटर, डोळ्याची आणि हृदयाची प्रतिकृती, शिवाय विजेच्या मोटारीचं एक सुंदर मॉडेल. समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुण्यांनी फीत कापली. एका मुलीला पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलं आणि फोटो निघाला. (तिने मला नंतर सांगितलं, "बाई, आत सगळा अंधारच होता. आरसा उजेडाकडे वळवलाच नव्हता!")

फोटो झाल्यावर कपाटाला कुलूप लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मुख्याध्यापक वाईट! नाही हो. शाळेत एक रजिस्टर असतं, त्याला 'डेड स्टॉक' म्हणतात. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात चढवावी लागते. खुर्च्या इतक्या, घंटा एक, चंचुपात्रं बारा. तपासणीला माणूस आला की रजिस्टर आणि कपाट दोन्ही ताडून पाहतो. मुख्याध्यापक बदलले की जुन्यांनी नव्यांना सगळ्या वस्तू मोजून द्यायच्या, त्याला 'चार्ज देणं' म्हणतात. एक वस्तू कमी भरली की लेखी खुलासा. निवृत्तीच्या तोंडावर भिंगाच्या हिशेबासाठी हेलपाटे घालणारे गुरुजी मी स्वतः पाहिलेत. मग कपाट उघडावंसं कुणाला वाटेल? न वापरलेली वस्तू कधी फुटत नाही, आणि न वापरल्याबद्दल कुणी खुलासा मागत नाही. गोम सगळी इथे आहे.

त्यामुळे झालं काय, आठवीची मुलं नववीत गेली आणि पेटी काचेतून पाहत राहिली. दसऱ्याला तिची पूजा मात्र झाली, हार घालून, हळदकुंकू वाहून.

हायस्कूलचे विज्ञानाचे सर तरुण. आठवी ते दहावी तीन वर्गांचं विज्ञान आणि शिवाय गणितही त्यांच्याकडेच. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी, २० प्रात्यक्षिकाचे. त्या वीस गुणांसाठी जर्नल लिहावं लागतं. जर्नलमध्ये 'निरीक्षण' नावाचा रकाना असतो. पुष्कळ शाळांत तो रकाना न पाहताच भरतात. मोठ्या ताईदादाची जुनी वही मिळवायची आणि उतरवायची. या गोष्टीचा मला फार राग येतो, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. डोळ्यांनी न पाहता 'निरीक्षण' लिहायची सवय पंधराव्या वर्षी लागली, तर ती पुढे प्रयोगशाळेपुरती थोडीच राहते?

२०२३ च्या दिवाळीनंतर त्या तुकडीतल्या चारजणी आणि दोघे जण माझ्याकडे आले. नववीत होते. त्यांतली एक, तीच पांढऱ्या कोटातली, म्हणाली, "बाई, दहावीच्या पुस्तकात मोटार आहे. ताईचं पुस्तक मी वाचलं. डाव्या हाताची तीन बोटं धरायला सांगितलीत. बोटं कळली, मोटार नाही कळली. तुम्ही दाखवाल?"

मी प्राथमिकची शिक्षिका. दहावीचं विज्ञान शिकवणं माझं काम नव्हे. पण मोटार करून दाखवणं मला येत होतं, आणि ते कुठे शिकले ते सांगायलाच हवं.

डी.एड.ला असताना, २००९ साली, आम्हाला पुण्याला 'आयुका'मध्ये नेलं होतं. आयुका म्हणजे आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणारी मोठी संस्था, जयंत नारळीकर सरांनी उभी केलेली. तिच्या आवारात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचं हे नाव! आणि नीट वाचा बरं, त्यात आणखी कोण दडलंय? पु. ल.! देणगीदाराचं नाव लिहायची इतकी छान रीत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही.

तिथे त्या वेळी अरविंद गुप्ता काम करत. २००३ ते २०१४ ते तिथे होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकले कानपूरच्या आयआयटीत, नोकरी पुण्याच्या मोठ्या मोटार कारखान्यात. १९७८ साली एक वर्षाची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. (आता त्या गावाचं नाव नर्मदापुरम.) तिथे १९७२ पासून एक मोठा प्रयोग चालू होता. सोळा सरकारी शाळांपासून सुरुवात झाली होती आणि कल्पना साधी होती. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून पाहायचं. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये तिथल्या सरकारने बंद केला. का केला, ते मोठ्यांचं भांडण आहे, ते सोडून देऊ.

होशंगाबादला बाजारात अरविंद गुप्तांना सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी मिळाली. तिचे तुकडे आणि डोकं खरवडलेल्या आगकाड्या. झालं! काड्या जोडून त्रिकोण करा, चौकोन करा. मग बोटाने दाबून पाहा. चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. पुलाला, विजेच्या मनोऱ्याला, घराच्या कैच्यांना त्रिकोण का असतात, ते दोन रुपयांत कळलं. घरी करून पाहाच.

पुलस्त्यमध्ये टेबलांवर हेच सगळं मांडलेलं होतं. बाटल्यांची झाकणं, स्ट्रॉ, झाडूचे हीर, तुटक्या चपलांचे तळवे. 'हात लावू नये' अशी पाटी नव्हती. आम्ही मोठ्या बायका, तरी आधी हात मागे बांधूनच उभ्या राहिलो. सवयच ती! मुलाने खेळणं मोडून पाहिलं तर बिघडलं कुठे, उलट त्यासारखं चांगलं काही नाही, असं अरविंद गुप्ता सांगत आले आहेत. त्या दिवशी मी मोटार करून बरोबर घेऊन आले.

तर आता मोटार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या व्हरांड्यात बसायचं ठरलं. सामान काय? टॉर्चचा एक मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी, बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक आणि तांब्याची तार. पण तार साधी नाही, वरून वार्निशचा थर असलेली. ती कुठे मिळते ठाऊक आहे? विहिरीवरच्या मोटारी भरून देतात ना, त्या रिवाइंडिंगच्या दुकानात! आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर मोटार. कांदा, टोमॅटो, द्राक्षं सगळं तिच्यावर. ती जळली की बाप डोक्याला हात लावून बसतो. मोटार काय चीज आहे हे आमच्या पोरांना पुस्तकाआधी घरी कळतं.

मुलांना मी त्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार दहावी नापास, हाताने मात्र जादूगार. म्हणाला, "किती नंबरची तार देऊ?" मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. तारेला नंबर असतो हेच माहीत नव्हतं! मग त्याने जाड, बारीक सगळ्या तारा काढून दाखवल्या. एक जळकी मोटार उघडून आतलं काळं झालेलं वेटोळं दाखवलं. "हे वार्निश जळलं की शेजारच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. वीज वळणावळणाने जायची ती आडवाटेने गेली. मोटार संपली." मुलांनी तारेचे पैसे विचारले तर म्हणाला, "शाळंला का पैसं घेत्यात?" आणि रिळाच्या शेवटची पंधरावीस हात तार गुंडाळून दिली. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

सेलभोवती तार दहा वेळा गुंडाळली. सेल काढून घेतला की वेटोळं राहतं. दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढली. पिना सेलच्या दोन तोंडांना रबरी पट्टीने घट्ट बसवल्या, त्यांच्या डोळ्यांत ही टोकं अडकवली, म्हणजे वेटोळं झोपाळ्यासारखं लटकलं. खाली सेलवर चुंबक. अर्थात टोकांवरचं वार्निश खरवडलं, नाहीतर वीज जाणार कशी? मुलांनी दोन्ही टोकं ब्लेडने चहूबाजूंनी चकचकीत केली.

वेटोळं थरथरलं, जरासं वळलं, आडवं झालं आणि थांबलं.

पुन्हा बोटाने टिचकी मारली. पुन्हा तेच. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला कारण माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "झोका थांबवायचा असेल तर काय करता?"

त्यावर दोन शनिवार गेले, खरं सांगते. सेल तीन संपले. (सेल सारखा जोडून ठेवला की तार तापते आणि सेल उतरतो, त्यामुळे काम झालं की लगेच सोडवायचा. आणि घरातल्या लाइटच्या सॉकेटला यातलं काहीही कधीही लावायचं नाही! बापाने दिली परवानगी तरी नाही.) एकजण म्हणाला चुंबक कमजोर आहे. दुसरी म्हणाली तार वाकडी आहे. सरळ केली, तरी तेच. तिसऱ्या शनिवारी ती पांढऱ्या कोटातली उड्या मारतच आली. "बाई, सुचलं! झोका पुढे जाताना मागून ढकललं की जोरात जातो. पण तो मागे येताना समोरून ढकललं तर थांबतो. आपली मोटार तेच करते. अर्धा फेरा बरोबर ढकलते, अर्धा फेरा उलटं ढकलते!"

"मग?"

"मग अर्धा फेरा ढकलायचंच नाही. सोडून द्यायचं."

"कसं सोडणार?"

ती विचार करत बसली. शेवटी तार देणाऱ्या दुकानदाराचं बोलणं तिच्या उपयोगी पडलं. वार्निश असेल तिथे वीज जात नाही! मग नवं वेटोळं केलं. एक टोक पूर्ण खरवडलं. दुसरं टोक खरवडताना वेटोळं उभं धरलं आणि टोकाची फक्त वरची बाजू खरवडली, खालची तशीच ठेवली. आता अर्धा फेरा वीज वाहणार, अर्धा फेरा बंद. बंद असताना वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जाणार.

टिचकी मारली मात्र, वेटोळं असं फिरायला लागलं की दिसेचना! नुसती तांबूस धूसर पट्टी. व्हरांड्यात सहा पोरांनी एवढा आरडाओरडा केला की समोरच्या हायस्कुलातले सर रस्त्यात आले.

आमच्या तालुक्यातच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या बऱ्याच खोडदच्या आसपास, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती घडवली. तबकडीला पत्रा नाही, पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे. लांब लहरी जाळीच्या भोकांतून निसटत नाहीत, वारा मात्र निसटतो. म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे शाळांचं प्रदर्शन भरतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला होता.

२०२४ च्या प्रदर्शनाला हायस्कुलाने काय न्यायचं, यावर वाद झाला. काहींचं म्हणणं, पेटीतलं तयार मॉडेल न्यावं, देखणं आहे. विज्ञानाचे सर मुलांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी सेल, पिना आणि वेटोळं गेलं. थर्माकोलवर मांडलेली ती एवढीशी वस्तू शेजारच्या मोठमोठ्या मॉडेलांपुढे अगदी केविलवाणी दिसत होती. मीही पाहायला गेले होते.

दुपारी वेटोळं बंद पडलं. तिने घाबरून सरांकडे पाहिलं नाही की माझ्याकडे नाही. टोक काढलं, त्यावर काजळीसारखं काळं आलं होतं ते ब्लेडने खरवडलं, सेल बदलला, पुन्हा टिचकी. समोर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हे पाहिलं. ते तिथलेच अभियंते असावेत. त्यांनी विचारलं, "तू अर्धा फेरा वीज बंद करतेस. विहिरीवरची मोटार जाऊ दे, ती वेगळ्या विजेवर चालते. पण तुझ्या पुस्तकातली मोटारसुद्धा अर्धा वेळ बंदच असते का?"

ती थांबली. मग म्हणाली, "माहीत नाही सर. आमच्या शाळेत तिचं मॉडेल आहे. पण ते कुलपात आहे."

मुख्याध्यापक सर तिच्या मागेच उभे होते.

ते काही बोलले नाहीत. चार दिवस गेले. दहावीची परीक्षा सुरू झाली होती, शाळेत गडबड होती. पाचव्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं, किल्ली दिली आणि म्हणाले, "सरांना बरोबर घे. स्क्रू हरवू नकोस."

त्यांनी मॉडेलचं झाकण उघडलं. आत वेटोळ्याच्या दांड्यावर पितळेचं कडं होतं, मधोमध चिरलेलं, त्याला दोन बाजूंनी दोन पट्ट्या टेकलेल्या. अर्धा फेरा झाला की कड्याचे अर्धे भाग पट्ट्यांची अदलाबदल करतात आणि वेटोळ्यातली वीज उलट दिशेने वाहू लागते. म्हणजे उलटा ढकलायची वेळ आली की वीजच उलटी, म्हणून धक्का पुन्हा सुलटा! ती धावत रस्ता ओलांडून मला सांगायला आली. "बाई, आपण बंद करतो, ते उलटं करतं! पूर्ण फेरा ढकलतं!" पुस्तकात ही आकृती होतीच, तिने ती दहा वेळा वाचली होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. टाकाऊतून सगळं विज्ञान होतं असं मी म्हणणार नाही. शहरातल्या मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आणि आमच्या पोरांना झाकणं न् काड्या, हा कुठला न्याय? सूक्ष्मदर्शक झाकणाचा होत नाही. चांगलं भिंग, थर्मामीटर, मीटर विकतच आणावं लागतं, ते कुणीतरी द्यावंच लागतं. पेटी हवीच. पण ते चिरलेलं कडं त्या मुलीला समजलं, कारण तीन शनिवार ती त्याच अडचणीशी भांडली होती.

पुढचं काम मुख्याध्यापक सरांनी केलं, आणि ते मला फार आवडलं. कंपनीचे अधिकारी पुढच्या वर्षाच्या देणगीसाठी आले, तेव्हा सरांनी चहा पाजून त्यांच्यापुढे दोन मागण्या ठेवल्या. पहिली, एक पत्र द्या. 'साहित्य विद्यार्थ्यांच्या वापरासाठी दिलेले आहे. वापरात मोडतोड झाल्यास आमची हरकत नाही.' एवढंच. दुसरी, या खेपेला मॉडेल नकोत. मुलांनीच यादी केली होती ती पुढे सरकवली. सेल पन्नास, तार दोन किलो, लिटमस, काचपट्ट्या, आयोडीन, छोटे दिवे, भिंगं वीस, स्क्रूड्रायव्हर चार.

अधिकारी यादी पाहून गोंधळले. म्हणाले, "सर, सेलचा फोटो कसा काढायचा?"

सर म्हणाले, "सेल संपल्यावर या. तेव्हा काढू."

सगळं काही मिळालं नाही. भिंगं वीसऐवजी आठ आली, तार अर्धा किलो, स्क्रूड्रायव्हर विसरले. पण पत्र आलं. सरांनी ते रजिस्टरला जोडलं, त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सेल, तार, लिटमस अशा संपणाऱ्या वस्तू डेड स्टॉकात न घेता वेगळ्या वहीत चढवल्या. कुलूप अजून आहे, पण किल्ली आता विज्ञानाच्या सरांच्या टेबलावर असते.

ती मुलगी २०२५ ला दहावी झाली. आता अकरावीला रोज एसटीने जाते. आमच्या नळावर तिची धाकटी बहीण येते, ती आठवीत आहे.

कपाटात आता एक साधी शंभर पानी वही टांगलेली असते. ज्याच्या हातून काही मोडेल त्याने स्वतःच लिहायचं, काय मोडलं आणि काय करताना मोडलं. नाव लिहायची सक्ती नाही. परवा मी गेले होते तेव्हा चाळली.

'चंचुपात्र १. गरम होते, नळाखाली धरले, तडकले.'

'काचपट्टी २. कांद्याचा पापुद्रा बघताना भिंग फार खाली आणले. पेशी दिसल्या. विटांसारख्या.'

आणि शेवटची, आठवीतल्या कुणाच्या तरी गिचमिड अक्षरात: 'भिंग १. टवका उडाला. मुंगीचे पाय मोजत होतो. सहा आहेत.'